हवेच्या टाकीतलं पाणी

जानेवारीतला दुसरा शनिवार. काम : ट्रकच्या इंजिनावरचा एअर कॉम्प्रेसर बदलून घेणे.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघाले तेव्हा धुकं होतं. क्वार्टर माझ्या नोकरीचं, ट्रक नवऱ्याचा. ऑफिस सोडून त्यांनी तो घेतला होता, पानिपतहून चादरी आणि सतरंज्या दिल्लीत आणायला. दिवाळीनंतर ते गेले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, विकून टाक ना यार." गिऱ्हाईकही होतं, पानिपतचंच. तरी मी विकत नव्हते, ते ड्रायव्हरसाठी. पहिल्या दिवसापासून तोच गाडीवर. या वयात त्याला दुसरी गाडी कोण देणार?

आदल्या दिवशी सिग्नलला ब्रेक उशिरा लागला, म्हणून त्याने ट्रक सरळ गॅरेजात नेला होता. जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा कॉम्प्रेसर भरतो. दाबाचा काटा वर चढतच नव्हता.

मी गॅरेजात पोचले तेव्हा मिस्त्रीने पाइप सोडवले, नट काढले आणि कॉम्प्रेसर खाली उतरवला. त्यातून टाकीकडे जाणारा पाइप माझ्यासमोर धरला. आत इतकी काजळी, की बोट जाईना.

"तेल फेंक रहा था, बहनजी. टंकी कब से खाली नहीं की?"

हवेबरोबर टाकीत पाणी साठतं. अशा दोन-तीन टाक्या असतात, प्रत्येकीच्या तळाला एक कडी असते, ती ओढली की पाणी फस्सकन बाहेर येतं. हे रोज करायचं. माझे यजमान रोज संध्याकाळी ट्रकच्या यार्डात जाऊन स्वतः करायचे, खाली तळहात धरून. पाणी आलं तर ठीक, तेल आलं तर कॉम्प्रेसर बिघडतोय. मग तसेच हात घेऊन घरी यायचे आणि मी दारातूनच सांगायची, "आधी साबण."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"वो काम तो भाईसाहब का था, भाभीजी. मैं हाथ कैसे लगाता?"

"भाईसाहब तो चले गए. टंकी को थोड़े ही पता है!"

मिस्त्री हसला आणि लगेच पाना शोधायला लागला.

नवा कॉम्प्रेसर बसला, गॅस्केटही नवं घातलं. पाइप साफ करून चालेल असं मिस्त्री म्हणाला. मी नवाच घालायला लावला. टाक्या त्याने रिकाम्या केल्या, तेव्हा दह्यासारखं घट्ट, करडं पाणी निघालं. इंजिन सुरू झालं. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. काटा चढला आणि टिकला.

"अब कड़ी आप खींचिए," मी ड्रायव्हरला म्हटलं. "आज से ये आपका काम."

तो वाकला. कडीपर्यंत हात नेला आणि तसाच राहिला. मग उठून ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला.

"बेच दीजिए, भाभीजी."

"और आप?"

"मैं तो आपके लिए चला रहा था. सोचा, भाईसाहब की निशानी है, आपका मन नहीं होगा बेचने का. मेरा बेटा तो कब से गाँव बुला रहा है."

मी त्याच्यासाठी ट्रक ठेवला होता आणि तो माझ्यासाठी चालवत होता. मधल्यामधे कॉम्प्रेसर गेला.

"पहले बता देते," मी म्हटलं.

"आप भी तो बता सकती थीं."

ते खरंच होतं. मग मीच वाकले, खाली तळहात धरला आणि कडी ओढली. नुसती थंड हवा आली, पाणी नाही, तेल नाही. मिस्त्रीने साबण पुढे केला. हातावर धुण्यासारखं काही नव्हतं, तरी धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पानिपतच्या माणसाला फोन केला. ट्रक घेऊन जा म्हटलं. टाक्या रोज संध्याकाळी रिकाम्या करायच्या, तेही सांगितलं.

"अजी, हमें पता है," तो म्हणाला.

मी पुन्हा एकदा सांगितलं.