डाव्या हाताची धार

हिंगोलीच्या एसटी स्टँडबाहेर तो चाकूंना धार लावायचा. नाव मी कधी विचारलं नाही. जुने घडीचे चाकू जमवायचा मला नाद होता, आणि चाकू कोणत्या काळातला हे तो पात्यावर अंगठा फिरवून अचूक सांगायचा.

एकदा माझा सर्वांत जुना, सर्वांत लाडका चाकू त्याला दाखवला. म्हणालो, "बाजारात मिळाला."

"निजामाच्या वक्ताचा हाय, बराबर. पण साहेब, धार एकाच अंगानं झिजली. मालक डावरा व्हता. तुमी तर उजवे!"

माझे वडील डावरे होते, थोरला भाऊही. वडील गेल्यावर चाकू मीच लपवला आणि भावाला 'हरवला' म्हणून सांगितलं. सात वर्षं दाबलेलं ते मी त्या परक्या माणसापुढे बोलून गेलो.

"मंग काहून वागवून राहिले? डाव्या हाताची धार लावून देतो. ज्याचा हाय त्याला द्या."

धार लावून घेतली आणि तसाच भावाच्या गावी, हट्ट्याला गेलो. सगळं ऐकून भावानं चाकू उघडला. मग डाव्या हातानं त्यानं पेरू चिरला, अर्धा मला दिला.

"बाबाच्या हातात चालायचा तसाच चालला रे!"

आता लोक माझे चाकू बघायला येतात. सर्वांत जुना कोणता, विचारतात. मी ताठ मानेनं सांगतो, "तो भावाकडं असतो."