वासराच्या तोंडाची जाळी
शेजारचे कुत्र्याला गोचिडाचं औषध लावतात, त्याचा तो रॉकेलसारखा उग्र वास आला की नव्वदच्या सुमाराचं चामराजपेटमधलं आमचं दार आठवतं. दूधवाला गाय घेऊन यायचा, दारातच धार काढून द्यायचा, आणि त्याच्यावर काडीचाही विश्वास नसलेली माझी आई तो चरवीत पाणी घालत नाही ना, हे बघायला समोर उभी राहायची. आधी वासरू सोडायचं, गाईला पान्हा फुटला की त्याला ओढून बांधायचं, असं रोज चाले. त्या सकाळी मात्र वासरू लांब खांबाला बांधलेलं, वर त्याच्या तोंडाला जाळी, आणि गाईच्या अंगाला हाच वास. "आज वासरू का नाही सोडलं?" आईने विचारलं. "येलहंक्याहून नवी गाय आणली अक्का, तिच्यामुळे सगळ्या गाईंना गोचीड झाले. काल औषध लावलंय, स्वल्प कासेलाही." "मग?" "मग वासराला बाधेल ना!" एवढं बोलून तो आमची चरवी गुडघ्यांत धरून निवांत धार काढायला बसला. आईने चरवी हिसकावून घेतली. हल्ली मी दुधाची पिशवी कापते, वास घेते, उलटसुलट करून बघते. पण वासरू कुठे बांधलंय, ते काही दिसत नाही.