न भाजलेला वाफा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण माझी समजूत घालू नका.

आमच्या पोशेरा गावात भात पेरायच्या आधी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर पसरायचं, पेटवायचं, मग त्या भाजल्या मातीत बी टाकायचं. सासूने तेच केलं, मी तेच केलं. माझी नात नंदी विद्यापीठात गेली — हवामान शिकायला. हवा, समुद्र, माती, जंगल एकमेकांत कसं गुंतलंय, ते म्हणे तिथं शिकवतात. शिकवोत. पण पोरगी घरी आली आणि चारचौघांत म्हणाली, "आजी, राब बंद कर. धुराने हवा बिघडते."

आमच्या धुराने? गाड्या उडवणारे कोण, आणि शहाणपण कुणाला? तो राग अजून गेलेला नाही.

शिक्षणाचं काम म्हणून तिने दोन वाफे केले. एक भाजलेला, दुसरा न भाजता नुसतं शेणखत घातलेला. सरांना दाखवायचे होते, गावालाही. आणि खरं सांगू? न भाजलेल्यातली रोपं चांगली आली. जवळजवळ माझ्या राबातल्या रोपांइतकी — नाही, जवळजवळ कशाला? तितकीच.

पावसाने उघडीप दिली होती. नंदी मोखाड्याला गेली, तेव्हा मी मिठाचं पाणी कालवलं आणि त्या वाफ्यात ओतलं. हंडा धुतला. भाकऱ्या थापल्या.

रोपं पिवळी पडली, करपली. गाव हसलं. "काय गो नंदे, विद्यापीठातून बी आणलं होतंस काय?" मीही हसले — सगळ्यांत मोठ्याने.

पोरीने जे दिसलं तेच सरांना कळवलं. मग विद्यापीठात गेलीच नाही. म्हणाली, घरचा वाफा कळत नाही, त्या मला पृथ्वी काय कळणार? आता जव्हारला कपड्यांच्या दुकानात बसते. उन्हाळ्यात येते, माझ्याबरोबर राब भाजते, खोकते.

करपलेली रोपं उपटली, त्या दिवशी ती माझ्या पाया पडली होती. "आजी, तुझंच खरं. उगाच बोलले तुला. माफ कर."

मी केलं.