टाकीचं झाकण

पाईपताई आणि चिकटराव हे नवरा-बायको एकाच तेलक्षेत्रावर कामाला होते, आणि त्यांची खाती एकमेकांची हाडवैरी होती. नावं अर्थातच लोकांनी ठेवलेली. ती विहिरींतून काढलेल्या पोलादी नळ्या तपासायची. तो पॉलिमरची पावडर पाण्यात कालवायचा. विहिरी म्हाताऱ्या झाल्या की तेल जमिनीखाली हटून बसतं. मग हे दाट, बुळबुळीत पाणी नळ्यांतून खाली दाबायचं आणि तेलाला शेजारच्या विहिरीकडे ढकलायचं. ढकलल्याशिवाय न हलणारी माणसंही तिथे पुष्कळ होती, पण त्यांच्यासाठी पावडर निघालेली नव्हती.

नळीखातं म्हणे, तुमच्या पाण्याने आमच्या नळ्या सडतात. पॉलिमरखातं म्हणे, तुमच्या गंजाने आमचं पाणी पातळ होतं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची सोय नव्हती. घरात मात्र विहिरीचा विषय काढायचा नाही, असा पाईपताईचा नियम होता. घरात भांडायला झाकणं होती. नवऱ्याने उघडलेला डबा जन्मात कधी बंद केला नाही. साखरेला मुंग्या, कॉफीचा दगड, टूथपेस्टच्या तोंडाला खपली.

"झाकण लावायला काय होतं हो तुम्हाला?"

"परत उघडायचंच आहे ना," तो म्हणायचा.

मग एका विहिरीची नळी वर ओढताना मध्येच तुटली आणि तुकडा एका कामगाराच्या खांद्यावर आदळला. हाड मोडलं. डोकं वाचलं ते वीतभराने. साहेबांनी जाहीर केलं की ज्याची चूक निघेल त्याची पलीकडच्या क्षेत्रावर बदली. तिथे नुसत्या बराकी. बायकामुलांना नेता येत नाही.

पाईपताईने तो तुकडा उभा कापून घेतला. आतला बुळबुळीत थर पुसला तर खाली खड्डेच खड्डे. असे खड्डे प्राणवायूने पडतात. तो पाण्यात शिरला की पोलाद खातो, आणि मग त्याच गंजाशी हातमिळवणी करून पॉलिमरलाही खातो. म्हणजे दोन्ही खात्यांचा शत्रू एकच होता. पण पाण्यात हवा शिरलीच कुठून? कालवायची टाकी तर बंद असते. साहेबांनी पंप तपासले, सांधे तपासले. पाईपताईला मात्र घरचा साखरेचा डबा आठवला.

दुपारी ती टाकीवर गेली. झाकण भिंतीला टेकून उभं होतं आणि नवरा आत डोकावत होता.

"हे काय चाललंय?"

"गुठळ्या बघतोय. झाकण लावलं तर दिसणार कशा? एक गुठळी खाली गेली तर विहीर चोंदेल."

"कधीपासून उघडं ठेवता?"

"पहिल्यापासून!" तो अभिमानाने म्हणाला.

आळसाने ठेवलं असतं तर तिला चार शब्द सुनावता आले असते. त्याने काळजीपोटी ठेवलं होतं. तिने त्याला तिथेच खड्ड्यांबद्दल सांगितलं. त्याने भिंतीला टेकलेलं झाकण उचललं आणि टाकीवर लावलं. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगावं तर नवरा जातो, आणि मूग गिळून बसावं तर खाली उतरवलेल्या सडक्या नळ्या तशाच राहतात आणि पुढची कुणाच्या तरी डोक्यात बसते.

बैठकीत साहेबांनी कारण विचारलं.

"टाकीचं झाकण उघडं असतं," ती म्हणाली.

"कोण उघडं ठेवतं?"

तिला रडू येत होतं, आणि नळीखात्यासमोर तिला रडायचं नव्हतं.

"मी," नवरा म्हणाला. "घरीसुद्धा."

दोन्ही खात्यांचं एकमत झालेली ती पहिलीच बैठक.

बदलीवर निघायची सकाळ उजाडली. बॅग भरून झाल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघरात खुडबुड करत होता. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाला, "डबे लावलेत."

घरी येऊन तिने चहा टाकला आणि साखरेचा डबा घेतला. झाकण हलेना. जन्मभर व्हॉल्व्ह पिळलेल्या हातांनी त्याने ते पिळलं होतं. तिने फडकं गुंडाळून बघितलं, गरम पाणी ओतून बघितलं. मिठाचा डबा कसाबसा उघडला, साखरेचा नाही. कामावर नळ्यांचे आटे सोडवायचा भला मोठा पाना होता. रोज घरी निघताना तो तिला समोर टांगलेला दिसायचा. तो आणला असता तर डबा चुटकीसरशी उघडला असता.

काही दिवसांनी शेजारीण चहाला आली आणि एका घोटातच तिचं तोंड वाकडं झालं.

"साखर सोडलीस का गं?"

"हो," पाईपताई म्हणाली. "हे सुट्टीवर येईपर्यंत."