मापवाली अर्डिथ

अर्डिथ पोलमन पहिल्यांदा आमच्या मैदानावर आली ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, आणि आल्या आल्या तिने खिशातून मोजपट्टी काढली. पिस्तूल नाही, मोजपट्टी! नेमबाजीच्या मैदानावर चाळीस वर्षं काढली आहेत मी. नवा माणूस आला की आधी काय काढतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शंकेला कारणही होतं. आमचा क्लब ऑरिन गावाबाहेर खडीच्या जुन्या खाणीत आहे, माझा जन्म झाला तेव्हापासून. तीन वर्षांपूर्वी वरच्या टेकडीवर नवी घरं झाली. घरं घेताना ह्या लोकांना खाली खाण दिसत होती, खाणीत आम्ही दिसत होतो, आणि पोलादाच्या तबकडीवर गोळी आपटली की टण्णकन वाजते हे नेब्रास्कात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी वर्षाच्या आत तक्रारी सुरू झाल्या. कुत्री भुंकतात, पाहुणे दचकतात, अमुक होतं, तमुक होतं. एप्रिलच्या शेवटी काउंटीच्या मंडळापुढे सुनावणी ठरली होती. मैदान राहील नाहीतर कायमचं कुलूप लागेल. माझी बायको नोरीन गेल्यापासून आठवड्यातले चार दिवस मी त्या मैदानावरच असतो. कुलूप लागलं असतं तर मी सकाळी उठून कुठे गेलो असतो, कोण जाणे.

बाईंनी सभासदाचा अर्ज भरून दिला. पत्ता बघितला तर टेकडीवरचा.

"तुम्ही वर राहता?" मी विचारलं.

"हो. शेवटचं घर. माझ्या पायरीवरून तुमच्या तबकड्या दिसतात."

"आणि ऐकू येतात."

"येतात ना," ती शांतपणे म्हणाली. "सहा सेकंदांत पाच. परवा एकाला नऊ लागले होते. तो बहुतेक तुम्ही होता."

तो मीच होतो. पण ते तिला कशाला सांगू?

नाव वाचून डोक्यात काहीतरी हलत होतं, ते घरी गेल्यावर उलगडलं. पोलमन, म्हणजे वजनमापवाली! काउंटीच्या वजनमाप खात्यात सव्वीस वर्षं होती ती. धान्याचे काटे, खाटकाचे काटे, पेट्रोलचे पंप, सगळं तिने तपासलं होतं. माझा मेहुणा रॉस्को ह्याचा पंप तिने एकदा सील केला होता, पाच गॅलनमागे चहाच्या दोन कपांएवढं पेट्रोल कमी येतं म्हणून. रॉस्को बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, अहो बाई, मी तुमच्या मुलाबरोबर शाळेत होतो. तर बाई म्हणाली, "पंप नव्हता शाळेत." असली ती बाई. सुनावणीला अडीच महिने असताना तिला चौसष्टाव्या वर्षी पिस्तुलाचं वेड लागावं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमचा अध्यक्ष ड्वेन हा सरळ माणूस. सरळ म्हणजे इतका की त्याला कोणीही विकून यावं. मी त्याला म्हटलं, "ही हेर आहे. टेकडीवाल्यांनी पाठवलीय."

"अरे लाइल, तिला आपली एक एप्रिलची स्पर्धा खेळायचीय. तिनेच सांगितलं मला."

"हेर काय पाटी लावून येतो का गळ्यात?"

"तू नोरीन गेल्यापासून फार एकटा बसतोस," ड्वेन म्हणाला. ह्याला म्हणतात भलत्याच ठिकाणी बोट ठेवणं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

बाई मात्र दर मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागली. बावीस कॅलिबरचं लहानसं पिस्तूल, कानांवर झाकणं, डोळ्यांना चष्मा, सगळं शिस्तीत. जिथून गोळ्या झाडतात त्या फळीच्या मागे गाडी लावायची, खोकं उघडायचं, पिस्तूल रिकामं आहे ना ते तीनदा बघायचं, मग फळीपाशी जायचं. सरावाच्या दिवशी आमच्याकडे असंच चालतं. शिकवायला मीच होतो, कारण दिवसा दुसरं कोण असतं? पाच तबकड्या. चार कुठल्याही क्रमाने पाडा, पाचवी लाल खांबावरची, तिला शेवटी. तिला गोळी लागली की वेळ थांबते. घाईत आधीच लागली तर बाकीच्या हुकल्या समजायच्या आणि दर हुकलेलीला तीन सेकंदांचा दंड. पाच वेळा खेळायचं, सगळ्यात वाईट वेळ सोडून द्यायची. पहिल्या महिन्यात बाईने ती लाल खांबावरची इतक्या वेळा आधीच मारली की मला मनातून बरं वाटायला लागलं.

पण तिची नजर दुसरीकडेच असायची. पंधरा यार्डांवरच्या तबकडीचं अंतर तिने मोजलं आणि मला येऊन सांगितलं, चौदा यार्ड दोन फूट भरतंय. मी म्हटलं, थंडीने जमीन आकसली असेल. ती हसलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "तुमचा टायमर द्या जरा." तिने स्वतःचं घड्याळ काढून आमचा टायमर वीसदा तपासला. चाळीस वर्षांत असा अपमान कोणी केला नव्हता. टायमर बरोबर निघाला, तेव्हा ती म्हणाली, "छान." जणू माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि ती वही. लहान, काळ्या पुठ्ठ्याची. घरी जायच्या आधी गाडीत बसून ती त्यात काहीतरी लिहायची. एकदा काच खाली होती म्हणून मी सहज जातोय असं दाखवत डोकावलो. तारखा, वेळा, आणि पुढे आकडे. शेजारच्या सीटवर आवाज मोजायचं यंत्र. आता बोला! त्याच संध्याकाळी मी मुद्दाम टेकडीवरून गाडी घातली. तिच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत भिंतीवर कागदाच्या पाच बशा चिकटवलेल्या, आणि ही बाई स्वयंपाकाचा एप्रन घालून रिकामं पिस्तूल त्यांच्यावर रोखत होती. उजवीकडून डावीकडे, पुन्हा डावीकडून. तोंडाने मोजत. हे बघून माणसाचा संशय फिटला असता. माझा वाढला. मी म्हटलं, बघा, किती बेमालूम सोंग आणलंय.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी तिने विचारलं, "स्पर्धेचे नियम छापलेले आहेत का कुठे? मला आधी वाचायचे आहेत."

छापलेले होते. ऑफिसच्या खणात पंचवीस प्रती होत्या.

"आमचे नियम तोंडीच असतात," मी म्हटलं. "शनिवारी सकाळी सांगतो."

का म्हटलं? कागद तिच्या हातात पडला की मंडळाच्या टेबलावर जाणार असं मला वाटलं. तेव्हा तरी मी स्वतःला हेच सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी आमच्याकडे एक नियम सगळ्यांत कडक. पिस्तूल हातात घ्यायचं ते फक्त दोन ठिकाणी, फळीवर पंचाच्या देखरेखीखाली किंवा लाल कापडाच्या टेबलावर. बाकी कुठेही खोक्याबाहेर काढलंत, रिकामं असलं तरी, तर त्या दिवसापुरते बाद. ह्यात हमखास फसतो तो काळजी घेणारा माणूस. बेफिकीर माणूस खोकं तसंच उचलून आणतो. काळजी घेणारा माणूस गाडीपाशीच उघडून बघतो, रिकामं आहे ना? म्हणून आमची पद्धत अशी की नवा माणूस गाडीतून उतरला की एका जुन्या सभासदाने पुढे होऊन त्याला गाठायचं, हात मिळवायचा आणि त्या टेबलापर्यंत सोबत न्यायचं. त्या शनिवारी ते काम माझ्याकडे होतं.

बाई आठ वाजता आली, बरोबर आठ. नियम सांगायला साडेआठला जमायचं होतं. मी शेडच्या खांबाशी कॉफी घेऊन उभा होतो, वीस पावलांवर. तिने मागचं दार उघडलं. खोकं पुढे ओढलं. कडी काढली. मला एवढंच म्हणायचं होतं, "बाई, थांबा." दोन शब्द. मी मूग गिळून गप्प उभा राहिलो. म्हटलं, आज चाळीस नेमबाज येणार, वर्षातला सगळ्यांत मोठा आवाज आज होणार, आणि हिला तोच मोजायचाय. जाऊ दे घरी. तिने झाकण उघडलं, पिस्तूल हातात घेतलं, तोंड जमिनीकडे, अगदी मी शिकवलं तसं. मग मी ओरडलो.

"थांबा! खाली ठेवा! बाद!"

तिने पिस्तूल सावकाश खोक्यात ठेवलं. सगळे वळून बघायला लागले. ड्वेन धावत आला.

"अरे नवीन आहे ती, लाइल. सोडून दे. तिला गाठायचं कोणाकडे होतं?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही.

"ते बरोबर बोलताहेत," अर्डिथ म्हणाली. "नवीन आहे म्हणून मी कधी कोणाचा पंप सोडला नाही." आवाज स्थिर होता, पण तोंड लाल झालं होतं.

मला वाटलं आता जाईल. ती गेली नाही. तिने ड्वेनला विचारलं, थांबलं तर चालेल का, आणि पांढऱ्या रंगाचा फवारा मागून घेतला. दर नेमबाज खेळून झाला की तबकड्यांवर शिशाचे काळे डाग पडतात, ते रंगवावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, कोणी आपणहून घेत नाही. बाई दुपारी तीनपर्यंत ते करत होती. बोटं पांढरी, बूट पांढरे. जेवणाच्या वेळी मी तिखट राजम्याची वाटी घेऊन बसलो होतो, तर ती माझ्याच बाकावर येऊन टेकली.

"सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना मोजत आले," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा आपल्याला कोणीतरी मोजावं. नीट, टायमर लावून. गॅरेजात मी साडेसात सेकंदांवर आले होते."

मी वाटी बाजूला ठेवली. तरी मन काय म्हणालं? म्हणालं, नाटक करतेय, सावध राहा. इतका मी कोडगा झालो होतो.

सुनावणीला काउंटीचं सभागृह गच्च भरलं होतं. टेकडीवाले सगळे एका बाजूला, इस्त्रीचे शर्ट घालून. ड्वेन बोलायला उठला आणि दोन वाक्यांत घामाघूम होऊन बसला. मग मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, टेकडीवरून आणखी कोणी बोलणार का? अर्डिथ उठली. हातात वही. मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

"मी शेवटच्या घरात राहते," ती म्हणाली. "सात आठवडे मी माझ्या पायरीवर आणि खाली मैदानावर आवाज मोजलाय. यंत्र खात्याचं आहे, तपासलेलं आहे. माझ्या पायरीवर धान्याच्या ट्रकचा आवाज ह्यांच्यापेक्षा मोठा येतो. सकाळी नवाच्या आधी एकही गोळी नाही. संध्याकाळी सहानंतर दोनदा चालू होतं, एकदा चार मिनिटं, एकदा सात. तेही लिहिलंय."

टेकडीवाल्यांतला एक जण उठून म्हणाला, "आवाजाचं सोडा. आमची मुलं खेळतात तिथे. ह्या लोकांच्या हातात बंदुका आहेत, काय भरवसा?"

"भरवसा मी सांगते," अर्डिथ म्हणाली. "एक एप्रिलला माझी पहिली स्पर्धा होती. मी गाडीपाशी पिस्तूल बाहेर काढलं. रिकामं होतं. तरी ह्यांनी मला तिथल्या तिथे बाद केलं. मी नवी होते, बाई होते, दोन महिने तयारी करून आले होते. कोणी एक इंच सवलत दिली नाही. मी आयुष्यभर तपासणी केली आहे, इतका कडक काटा मला काउंटीत दुसरा भेटला नाही."

सभागृहात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ड्वेनने माझ्या पाठीत जोरात थाप मारली. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी मैदान चालू ठेवलं, सहाची वेळ पाळायच्या अटीवर.

बाहेर सगळे हात मिळवत होते. मी तिला तिच्या गाडीपाशी गाठलं. कबूल करायचं म्हणून आलो होतो.

"बाई, त्या दिवशी मी..."

"आरशात दिसत होतात तुम्ही," अर्डिथ म्हणाली. "गाडीच्या. कॉफी हातात घेऊन. मी उतरण्याच्या आधीपासून उभे होतात, आणि मी उतरल्यावर हलला नाहीत. का हलला नाहीत ते मला मग दिवसभर रंग मारताना कळलं."

"मग आत का नाही सांगितलंत?"

"सुनावणी मैदानाची होती," ती म्हणाली. "तुमची नव्हती."

तिने वही पर्समध्ये टाकली आणि गाडीचं दार उघडलं. मी माफी मागितली. ती ऐकून घेतली तिने, पण असू दे म्हणाली नाही.

"मे महिन्यातली स्पर्धा पहिल्या शनिवारी ना? मी आठला येते," ती म्हणाली. "मला घ्यायला ड्वेनला पाठवा."

बरं, म्हटलं मी.