अध्यक्षांविरुद्धचं बंड

सिंगापुरातल्या बेडोकच्या आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मरीन इंजिनिअर. आवाज असा, की पार खाडीपलीकडे मलेशियातल्या जोहोरची कुत्री भुंकतात.

तुर्कस्तानात लष्कराचं बंड फसलं, तेव्हा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफीचे कप मांडून मला म्हणाले, "बघ हं, गाढवांनी रणगाडे आणले, पण राज्यकर्त्याचा फोन नाही काढून घेतला! त्याने फोनवरूनच माणसं रस्त्यावर उतरवली."

पुढच्याच महिन्यात आम्ही तिघांनी त्यांना हटवायचा घाट घातला. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणून त्यांनाच ठेवलं! त्यांच्या एका मेसेजवर सभेला अख्खं मराठी बेडोक लोटलं, गुडघेदुखीवाल्या आज्ज्यांसकट. दुसऱ्या दिवशी कमिटीतून आम्ही गेलोच, शिवाय त्यांच्या डोळ्यांत आधीपासून खुपणारे, बंडाची गंधवार्ताही नसलेले सगळे गेले.

परवा मलाच कॉफी पाजत म्हणाले, "बघ हं, पुढच्या वर्षीही बंड कर. खजिनदार काढायचा राहिलाय अजून."