दोरीच्या मागून

आम्ही सात गोलांनी हरलो. तेही आमच्याच मैदानावर, शेजारच्या गावाकडून, ज्यांना आमच्या मुलांनी मागच्या मोसमात लीलया लोळवलं होतं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. मी पाण्याची बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. जे पाहिलं ते डोक्यात शिरतच नव्हतं.

जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या आमच्या गावातल्या फुटबॉल क्लबात माझी दहा वर्षांची मुलगी खेळते. आधीचं वर्षभर ती बहुतेक बाकावरच बसून होती. या मोसमात ट्रेनरबाईंनी तिच्या दंडाला कप्तानाचा पट्टा बांधला आणि संघाची चढाई तिच्या हाती दिली. इथे लहान मुलांच्या सामन्यात ट्रेनर मैदानात ओरडत नाहीत. चेंडू मधून न्यायचा की कडेने, हे पट्टेवाल्या खेळाडूने ठरवायचं आणि हात करून बाकीच्यांना सांगायचं. पालकांनी दोरीच्या मागे उभं राहून कौतुक करायचं, सूचना करायच्या नाहीत. पट्टा मिळाला त्या दिवशी ती तो बांधूनच जेवायला बसली होती. मीही काढ म्हटलं नाही.

नवरा त्या शनिवारी प्लांटमध्ये अडकला होता, म्हणून मी सासऱ्यांना घेऊन गेले. सासरे कोल्हापूरचे. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले, त्यामुळे फुटबॉल दिसला की त्यांचं तोंड आपोआप सुरू होतं. घरात टीव्हीवरच्या खेळाडूंनाही ते सूचना देतात. दोरीच्या मागे उभे राहून ते सामनाभर ओरडत होते, "डावीकडं टाक, डावीकडं!" आजूबाजूच्या जर्मन आज्यांना वाटलं, नातीला प्रोत्साहन देताहेत. त्या हसून माना डोलवत होत्या. मीही दुर्लक्ष केलं. लेक आमच्याशी जर्मनमध्येच बोलते. मराठी तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून जातं, अशी माझी पक्की समजूत होती.

सामन्यानंतर सगळे क्लबाच्या खोलीत जमलो. मुलं एका टेबलावर पोमेस, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, खात बसली, पालक दुसऱ्या टेबलावर. खरं तर पोरांचा खेळ, विसरून जायला हवा होता. पण आमच्या गावात निम्मे पालक इंजिनियर. एका बाबांनी बियरच्या पेल्यांखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या गोळा केल्या आणि टेबलावर अख्खा सामना मांडला. प्रत्येक चढाई डाव्या कडेने का, हा त्यांचा प्रश्न होता. डावीकडे समोरच्यांचे दोन धिप्पाड गडी उभे होते आणि आपला डावीकडचा मुलगा तर मध्यंतरापासून लंगडत होता. "गेनाऊ, अगदी बरोबर," दुसरे म्हणाले, "मधे तर आख्खं मैदान रिकामं होतं."

मला राग आला. माझ्या मुलीबद्दल बोलत होते ना ते. मी म्हटलं, चूक पोरांची नाही, पद्धतीची आहे. दहा वर्षांच्या मुलांवर डावपेच सोपवायचे आणि मग चकत्या मांडून बसायचं, हा कुठला न्याय? कारखान्यात नव्या माणसाला कुणी असं एकटं सोडतं का? मी बरीच बोलले. रागात माझं जर्मन फार छान वाहतं.

ट्रेनरबाईंनी शांतपणे माझ्या लेकीला बोलावलं आणि विचारलं, सगळ्या चढाया डावीकडून का?

"मीच ठरवलं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "माझं चुकलं." तिने दंडावरचा पट्टा सोडला, टेबलावर ठेवला आणि क्षणभर आजोबांकडे बघून मान खाली घातली.

तेवढ्या एका नजरेने अख्खा सामना पुन्हा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. दर वेळी आधी सासऱ्यांची आरोळी आणि मग तिचा हात. दर वेळी. या पोरीने एकेक शब्द ऐकला होता, समजून घेतला होता आणि पाळला होता. आणि आता ती त्यांना पाठीशी घालत होती.

"काय म्हणाली गं ती?" सासऱ्यांनी मला विचारलं. त्यांना जर्मनचा गंध नाही. मी सांगितलं. लपवायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही.

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. "मी ओरडलो म्हणून गेली व्हय ती डावीकडं?" असं म्हणून ते उठले आणि मैदानात चूक कबूल करणारा खेळाडू करतो तसा त्यांनी एक हात वर केला. "बाईंना सांग, फाउल माझा हाय."

मी भाषांतर केलं, सामनाभर ते काय ओरडत होते तेही सांगितलं. चकत्या मांडणाऱ्या बाबांनी त्या हळूच गोळा केल्या. ट्रेनरबाईंनी लेकीला विचारलं, मधली जागा तुला दिसली होती का? ती म्हणाली, "हो. पण आजोबांनी सांगितलं होतं."

मला वाटलं, सुटलो. आता पट्टा परत मिळणार, वर पोरीचं कौतुकही होणार.

"आल्झो, असं आहे तर," ट्रेनरबाई म्हणाल्या, "मग पट्टा सध्या माझ्याकडे राहू दे. तिला जागा दिसली नसती तर मी तो तिलाच ठेवू दिला असता. तिला दिसली आणि ती तिथून खेळली नाही."

मी थक्क झाले. आमच्यात मोठ्यांचं ऐकतात, असं मी म्हणून बघितलं. लेक बोलायला लागली तेव्हापासून मी तिला हेच शिकवत आले होते. "घरी ऐकू दे की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला भांडताही येईना.

परत जाताना गाडीत सासरे पुढे माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर ठेवून. सासरे पुढे माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर ठेवून. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून लेकीचा आवाज आला. मराठीत, अडखळत, पण पूर्ण वाक्य.

"आई, पुढच्या वेळी आजोबांचं ऐकू की नको?"

दिवा हिरवा झाला तरी मी तशीच बसून राहिले.

"न्हाई ऐकायचं," सासरे समोर बघत म्हणाले.